उणे हजार

प्रिय अश्वजित,

तुझा उणे हजार आमच्या कळंबच्या जिनिंगला महागात पडला. चूक तुझी नाही. तूच शिकवलं होतंस, की कॉम्प्युटरची मेमरी संपली की त्याच्या गाभ्यातला कर्नेल सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम मारतो आणि मशीन वाचवतो. ज्याला हात लागू द्यायचा नाही, त्याला उणे हजार हा आकडा द्यायचा. भर हंगामात वजनकाट्याचा प्रोग्राम मेला, तेव्हा मी त्याला दिला. मग मालक म्हणाले, हिशेबाचा बंद पडायला नको. मॅनेजर भीमसिंगला कॅमेरे हवे होते. मला नाही म्हणता येत नाही, तुला ठाऊकच आहे. मागेल त्याला देत गेले. मंगळवारी मेमरी संपली, मारायला कुणी उरलंच नव्हतं, आणि कर्नेल स्वतःच थांबला. कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत खोळंबल्या. सगळे माझ्यावर ओरडत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. मशीन पुन्हा चालू केलं आणि कॅमेऱ्यांचा आकडा काढून टाकला.

आई बरी आहे, म्हणजे तशीच आहे. उजवी बाजू अजून हलत नाही. चौदा एप्रिलला तू पांढरा शर्ट घालून येतोस, एक दिवस राहतोस, त्यावर तिचं वर्ष निघतं. काही अडलं की म्हणते, "त्याले नको सांगू, त्याचं काम मोठं हाय." मीही सांगितलं नाही. ओढाताण झाली की माझंच काहीतरी बंद करायचं, ही आपल्या घरची रीत. आधी नागपूरची नोकरी सोडली, मग रविवारचं विहारात जाणं, मग झोपही गेली. कुणाला काही जाणवलं नाही, मलासुद्धा नाही.

परवा आईची कूस बदलताना माझे हात मध्येच थांबले. ती अर्धी वळलेली, मी नुसती उभी. "काय झालं वं, साधना?" तिनं विचारलं. हात हलेनातच. शेवटी शेजारच्या पुष्पामावशींनी येऊन तिला वळवलं. मला रडूही आलं नाही.

फोनवर तू "बघतो ताई" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणते, म्हणून हे लिहितेय. रविवारी गाडी ठरवली आहे. आईला घेऊन तुझ्याकडे पुण्याला येतेय. ती तिथेच राहील, मी परत येईन. तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्याले तरास होईन." मी म्हटलं, होऊ दे. आईचा उणे हजार तसाच आहे, अश्वजित. तुझा मी काढला.

तुझीच,
साधनाताई