सतरा नंबरचा बिल्ला

गंज पेठ, पुणे
१२ डिसेंबर २०१७, मंगळवार

चि. नासिर,

अस्सलामु अलैकुम. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहितोय म्हणून हसू नकोस. तू नव्वदीला टेकलास तरी मी पाच वर्षांनी मोठाच राहणार, त्याला इलाज नाही.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या भाभीचे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. दुकान अजून रोज उघडतो. स्टो घेऊन आता कोण येणार? गेल्या महिन्यात एक जण आला, तर म्हणे शोकेसमध्ये ठेवायचाय, नुसता चकाकून द्या. दिला. पण आत पिन घातलीच, बिनपिनेचा स्टो हातातून सोडवेना.

ईदला आपण फोनवर बोलतो. तब्येत, पाऊस, पोरं, की झालं. आज जे सांगायचंय ते फोनवर निघत नाही, म्हणून कागद घेतलाय. माझी शाळा तिसरीपर्यंतची. पुढचं सगळं, स्टोचे सुटे भाग ज्या रद्दीत गुंडाळून यायचे ती रद्दी वाचून शिकलो. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

तर बातमी अशी, की मागच्या रविवारी मी कोळशाची खाण बघून आलो.

तुझ्या भाभीच्या भाच्याचं लग्न नागपूरला होतं. सोबत आपली सितारा, माझी नात, ती हिंजवडीच्या कंपनीत आहे ना, ती. लग्नानंतर एक दिवस मोकळा होता. तिने मोबाइलवर शोधून काढलं. बंद पडलेली खाण, एक दिवसाची सहल, माहिती सांगायला माणूस, जेवण त्यातच. भाभी म्हणाली, "मी जमिनीखाली एकदाच जाणार, तिकीट न काढता." म्हणून आम्ही दोघेच निघालो.

बसमध्ये सिताराने विचारलं, "दादाजान, तुमचे भाऊ इकडंच बल्लारपूरला असतात ना? त्यांना आधी कळवायचं की."

"त्याला कुठला वेळ," मी म्हटलं.

"रिटायर माणसाला?"

मी तिच्याकडे पाण्याची बाटली मागितली. हो नासिर, मी तुझ्यापासून तीन-चार तासांवर आलो होतो आणि तुला न भेटता परतलो. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहून टाकतो.

माहिती सांगणारे बजरंग नावाचे गृहस्थ, त्याच खाणीतून निवृत्त झालेले. पासष्टीचे असतील, एका पायाने जरा लंगडतात. त्यांनी आम्हा बावीस जणांना आधी लॅम्परूममध्ये नेलं. टोपी दिली, टोपीवर दिवा, आणि प्रत्येकाला नंबर कोरलेला एकेक पितळी बिल्ला. म्हणाले, "वर आलं का हा बिल्ला फळ्यावर आपल्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा दिसला, म्हंजे माणूस खाली हाये. मग कोणी घरी जात नाही."

तुला हे मी काय सांगतोय! छत्तीस वर्षं तू तो बिल्ला अडकवलास. मला मात्र ती गोष्ट चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळली.

उतारावरून आत गेलो. वरून पाणी ठिबकत होतं. बजरंगरावांनी काठीने छत ठोकून दाखवलं. आवाज भरीव आला तर बसून भाकर खा, पोकळ आला तर भाकर सोडून पळ. मग म्हणाले, आता सगळ्यांनी दिवे बंद करा. नासिर, जन्मभर मी स्टो आणि बत्त्या दुरुस्त केल्या, मला वाटायचं अंधाराची आपली ओळख आहे. डोळ्यापुढे धरलेला माझाच हात मला दिसला नाही. मी सिताराचं बोट घट्ट धरलं. लहानपणी बोहरी आळीतून पत्रा आणायला जाताना तू माझं धरायचास, तसं.

वर आलो, चहा झाला, बसमध्ये बसलो. तर बस सुटेना. बजरंगराव फळ्यापाशी उभे, सतरा नंबरचा खिळा रिकामा. सिताराने डोकी मोजली. "बावीस आहेत की काका! सगळे इथेच आहेत."

"मुंडकी मोजून नाही चालत ताई. बिल्ला पायजे."

कुणाचा नंबर कोणता, ते कुणालाच आठवेना. सगळ्यांनी खिसे चाचपले, मीही कुडत्याचे दोन्ही खिसे उलटे केले. मागे कुणीतरी कुरकुरलं, एका पितळेच्या तुकड्यासाठी बावीस माणसं ताटकळली म्हणून. बजरंगरावांनी टोपी चढवली. दिवा लावला आणि लंगडत एकटे परत खाली गेले.

अर्ध्या तासाने मी चष्मा पुसायला बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, तर रुमालाआधी हाताला लागली छोटी पक्कड, आणि तिला चिकटून बिल्ला. सतरा नंबर.

कसा गेला तिथे, तूच ओळखशील. त्याची कडी ढिली होती. लॅम्परूममध्ये हातात पडताक्षणी मला ते जाणवलं, आणि गिऱ्हाइकाची वस्तू ठेवावी तसा मी तो आतल्या खिशात टाकला, की सवडीने दाबून देऊ. त्या खिशात गेलेली वस्तू दुरुस्त झाल्याशिवाय मला आठवत नाही. अब्बांची सवय, तुलाही होती.

"बंद खाण पुन्हा बंद पाडणारे तुम्ही पहिलेच हं दादाजान," सितारा हळूच म्हणाली. मला हसू येईना. बजरंगराव वर आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मी आधी पकडीने कडी दाबली, मग बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि माफी मागितली. म्हटलं, "माणसं समोर दिसत होती, तरी तुम्ही खाली का गेलात?"

त्यांनी कडी ओढून पाहिली. "पक्की केली जी तुम्ही," म्हणाले. मग बिल्ला खिळ्याला अडकवला. "खिळा रिकामा होता ना आजोबा."

नासिर, पुण्यापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात तेवढंच ऐकू येत राहिलं. आता पुढचं लिहितो. हात थांबायच्या आत लिहितो.

तू बहात्तर साली गेलास. तुझी पत्रं अम्मीला मीच वाचून दाखवायचो, तिला अक्षर येत नव्हतं. पहिल्याच पत्रात तू लिहिलंस की जमिनीखाली काम मिळालं. मी वाचलं, 'अम्मी, मला वरच काम मिळालंय. दिवे दुरुस्त करतो, खोलीत बसून.' ती घाबरून जेवली नसती, म्हणून. तेवढं खोटं अल्लाह माफ करेल, असं मला वाटायचं. परवा ती दिव्यांची खोली मी खरीखुरी पाहिली.

पण एकोणऐंशीच्या मार्चमधलं ते पत्र. छत कोसळून तुझा जोडीदार सोनबा गेला, ते तू लिहिलं होतंस. 'भाईजान, मला आता खाली उतरवत नाही. अम्मीला विचार. ती ये म्हणाली तर मी महिन्याच्या आत येतो, दुकानात बसतो.'

मी अम्मीला विचारलं नाही. ते पत्र मी वाचलंच नाही तिच्यापुढे. नासिर बरा आहे, सलाम सांगितलाय, एवढं म्हणालो आणि घडी घातली. आणि तुला लिहिलं, 'अम्मी म्हणते, लागलेली नोकरी सोडू नकोस.'

अम्मी असं कधीच म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो होतो, तिच्या तोंडून.

का? दुकान लहान होतं, माझी पोरं लहान होती, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एकच. तू जाऊन सात वर्षं झाली तरी गिऱ्हाईक दुकानात डोकावून विचारायचं, "नासिर आहे का?" तू दिलेला कथलाचा डाग फिरून गळत नसे. माझा गळायचा. नुकतेच लोक मला नावाने ओळखायला लागले होते. तू परत येऊन माझ्या शेजारी बसलास, की मी पुन्हा नुसता नासिरचा भाऊ.

त्यानंतर तुझी पत्रं दोन ओळींची झाली. अम्मी म्हणायची, "पोरगा कोरडा का झाला रे?" मी म्हणायचो, काम असतं. शहाऐंशी साली तू तिच्या मातीला आलास आणि कब्रस्तानातून परस्पर स्टेशनवर निघालास. मी थांब म्हटलं, तर म्हणालास, "तिनंच सांगितलं होतं ना, नोकरी सोडू नकोस म्हणून. रजा संपली." मी तुझ्यासमोर उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

आणखी एक. तुझं प्रत्येक पत्र वाचून झालं की अम्मी एकच विचारायची, "परत कधी येणार, ते नाही लिहिलं?" मी म्हणायचो, नाही. इतर सगळ्या वेळी ते खरं होतं. त्या पत्रात ते लिहिलेलं होतं.

ते पत्र सोबत पाठवतोय. अडतीस वर्षं बर्नरच्या पिनांच्या डब्यात तळाशी होतं, म्हणून रॉकेलचा वास येईल.

तू इकडे ये असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा हक्क मी एकोणऐंशी सालीच घालवला. मीच येतोय. सिताराने तिकीट काढलंय, तिला हे सगळं सांगितलंय. तीन जानेवारीला सकाळी तुमच्या बल्लारपूरच्या, म्हणजे बल्लारशाच्या स्टेशनवर उतरेन आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथल्याच बाकावर बसेन. तू आलास तर तुझ्या हातचा चहा मागेन. नाही आलास तर तेही मला समजेल, आणि त्यानंतरही मी तुला दर ईदला फोन करीन. सोबत पक्कड आणि डाग द्यायचं सामान आणतोय. घरात काही गळत असेल तर बाजूला काढून ठेव. डाग मात्र तूच दे, मी धरून उभा राहीन.

जेवत जा वेळेवर. पोरांना दुवा.

अजून खालीच राहिलेला
तुझा भाई,
शमशुद्दीन