लोंबते धागे

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोलायला गेलो की माझ्या तोंडून भलतंच निघतं, हे तुला गेल्या महिन्यात कळलंच. छोटीला घेऊन थोडे दिवस राहायला येऊ का, एवढंच तू विचारलंस, आणि मी म्हणालो, आधी तिथे जुळवून घे, मग बघू. त्यानंतर तुझा फोन नाही. करशील तरी कशाला?

आधी एक गुन्हा कबूल करतो. लग्नाआधी तू खिडकीत टांगलेलं ते स्पायडर प्लांट माझ्या हातून थोडक्यात वाचलं. त्याला लांबच लांब दांड्या फुटून खाली लोंबायला लागल्या होत्या, टोकाला गवताच्या जुडीसारखं काहीतरी. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी. लोंबता धागा दिसला की हात आपोआप कात्रीकडे जातो. सगळ्या दांड्या कचाकचा कापल्या आणि काय सुबक दिसतंय म्हणून लांबून बघत उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या. केराची टोपली बघून त्यांनी कपाळावर हात मारला. ती त्या झाडाची पिल्लं होती म्हणे! जिवंत, लावली तर लागणारी. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की टोपली तिथेच उपडी करून एकेक वेचून काढलं.

सात सापडली. आता चहाच्या ग्लासांत ओळीने बसली आहेत, फक्त बूड पाण्यात, पानं वर. आठवड्याभरात पांढरी मुळं फुटली. मग थोरल्या झाडाकडे मोर्चा वळवला, तर ते कुंडीतून निघता निघेना. मुळं बोटाएवढी जाड, जागा नाही म्हणून आतल्या आत गोल गोल फिरलेली. मी हौसेने बादलीएवढी कुंडी आणली होती, ती बाईंनी परत पाठवली. फार मोठीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात. वाढत्या पोरीच्या फ्रॉकला दोन बोटं माया ठेवतात, तेवढीच जागा जास्त हवी. तुझ्या शाळेच्या फ्रॉकला मी चार बोटं ठेवायचो आणि तू पोत्यात शिरल्यासारखी दिसायचीस. आई माझ्यावर काय चिडायची! ती असती तर त्या दिवशी माझ्या हातून फोन हिसकावून घेतला असता.

ठकू, खरं सांगायचं म्हणजे त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. तू इतक्या हळू बोलत होतीस, मध्येच थांबत होतीस, दाराकडे कानोसा घेतल्यासारखी. कळूनही मी न कळल्यासारखं केलं, कारण लोक काय म्हणतील याची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटली. त्याची मला फार लाज वाटते. तुझ्या खोलीतलं कापडं कापायचं टेबल मी बाहेर काढलंय, पलंग परत लावलाय. छोटीला घे आणि नीघ. थोडे दिवस वगैरे काही नाही, आणि मला विचारायचंही नाही. तिथे कुणी अडवलंच, तर सांग की बाबांची नजर गेली आहे, सुईत दोरा ओवून द्यायला माणूस लागतं. ते खोटंही नाही. हे पत्र लिहायला बसण्याआधी तासभर मी तेवढंच करत होतो.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा