या रविवारी माझी बाजू 'जावं'

२ नोव्हें., रवि.
रुखसाना मानेसरहून, तिच्या कारखान्याच्या गावाहून, आमच्याकडे आली आणि चप्पल पायात असतानाच विषय काढला. माल घेणाऱ्या देशाने आपल्या गाड्यांच्या सुट्या भागांवर आयातशुल्क चढवलं, तर इथल्या कारखान्याने काय करावं? सरकारच्या वाटाघाटींवर भरवसा ठेवून थांबावं, की तिकडेच कारखाना काढावा?

पुण्यात कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांपासूनचा आम्हा दोघींचा नियम: विषय संपेपर्यंत दर रविवारी एक फेरी, बाजू दर खेपेला उलट. परीक्षक मिलिंद. माझा नवरा असून माझ्या बाजूने निकाल क्वचितच देतो.

मला 'जावं' आली. भांडवल पाण्यासारखं उतार दिसेल तिकडे जाणार वगैरे. ती म्हणाली, मशिनं जातील, माणसांचं काय? मी म्हटलं, "माणसं काय, कुठेही रुळतात." जिंकले. मस्त वाटलं.

५, बुध.
मेट्रोत विचार. व्यापार असला की देश भांडत नाहीत म्हणतात. वरच्या सेठीबाईंशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद आहे, विरजणाची वाटी मात्र अजून येते-जाते. मग सिद्धांत खरा की खोटा? रुखसानाला विचारायचं.

९, रवि.
बाजू उलट. ती 'जावं', मी 'थांबावं'. तिने माझंच माणसांचं वाक्य मला परत ऐकवलं नि ताट पुढे ओढलं. मी सुसाट. आज चढवलेलं शुल्क उद्या अर्ध्यावर येतं, राजदूतांना घाई नसते, उठून गेलं की बोलणीच संपली. मिलिंदने निकाल चक्क मला दिला. ती थालीपीठ खात होती. तयारी न करता येतेस, म्हणून वर चिडवलं तिला.

११, मंगळ.
लंचमध्ये तिचा फोन. तिची सुट्या भागांची कंपनी खरंच तिकडे कारखाना काढतेय. तो उभा करायला हिला जाशील का विचारलंय, तीन वर्षं. महिनाअखेर हो-नाही सांगायचं. आणि मी दोन रविवार...

"आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू मुद्दे मांडले नसतेस, यार. रडली असतीस."

खरं आहे. ऑफिसच्या जिन्यात रडलेच नंतर. रविवारी पुढची फेरी घ्यायची म्हणाली, नियम तो नियम. हो म्हटलं.

१६, रवि. सकाळ
आज मी 'जावं'. मुद्दे काढले. शून्यातून कारखाना उभारायची तिची जुनी हौस. नवी भाषा. नव्या कामगारांना शिकवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. सहा झाले, सगळे खरे, हाच वैताग.

मुद्दाम कच्चं बोलून हरावं असं मनात आलं. तिला लगेच कळेल. माझी एकेक पळवाट ती वीस वर्षं ओळखून आहे. आणि ऐकायचंय मलाही, 'थांबावं' म्हणताना ती काय काय सांगते, त्यात मी आहे का.

बेल वाजली. मिलिंद दार उघडतोय.