पहिला साचा

३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर आज जाता जाता म्हणाले, "परवा एक बाई येतायत. साचा तू घे." बस्स, एवढंच! आणि स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा.

इतके महिने प्लास्टर कालवलं, भुकटी झाडली, साचे कानशीने घासले. पण जिवंत माणसाच्या पायाला हात लावायचा? गुडघ्याखाली उरलेल्या पायाला? त्याच साच्यावरून सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण होणार, आणि त्या सॉकेटमध्ये पाय घालून ती बाई जन्मभर चालणार. जेवण गेलं नाही. आईने विचारलं, तर पित्त झालंय म्हणून सांगितलं.

४ फेब्रुवारी

उद्या बाईंना ताप यावा. (काय मेलं मन आहे!)

५ फेब्रुवारी, बुधवार

ताप आला नाही. वेळेआधी आल्या.

शिवणकाम करतात. अपघातात उजवा पाय गेला. पायमशीनच लागते, विजेच्या मशीनवर हात बसत नाही म्हणाल्या. सारख्या बोलत होत्या. त्याही घाबरल्या असणार. मी पट्ट्या भिजवल्या त्या फारच गरम पाण्यात. नडगीचं हाड चाचपून खूण करेपर्यंत प्लास्टर कडक झालं. मास्तरांनी सगळं कापून काढलं. म्हणाले, "पुन्हा."

दुसऱ्यांदा जमलं. जमलं म्हणजे — मास्तर काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे तेच प्रमाणपत्र.

घरी दादाने टोमणा मारलाच. "पदवी घेऊन शेवटी चिखलच कालवतेस!" चिखल नाही, प्लास्टर. पण त्याच्याशी कोण डोकं फोडणार? वहिनी मात्र हळूच म्हणाली, "हाताला लावायला तेल ठेवलंय गं."

९ फेब्रुवारी

रविवार. बाजारात भाजी बघायची सोडून लोकांच्या चाली बघत बसले. कोण टाच आधी टेकवतो, कोण कंबरेतून ओढतो. पूर्वी असलं काही दिसायचंच नाही. कॉलेजात इतकी वर्षं घालवली, तिथं कुणी डोळे दिले नव्हते. हे मास्तरांनी दिले, आणि एकदाही "बघ" न म्हणता!

थोडा वेळ बरं वाटलं. मग उद्या बाईंना नव्या पायावर चालवून बघायची चाचणी आठवली.

१० फेब्रुवारी

चालल्या! आडव्या दांड्यांना धरून, मग एक हात सोडून. "बरं वाटतंय ताई, अगदी छान." मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवणार होते. मास्तर दुसऱ्या खोलीत कुणाचा तरी पट्टा बसवत होते. त्यांना बोलवायला हवं होतं का? पण छानच म्हणाल्या ना त्या. पाय घालूनच घरी गेल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाई रिक्षातून परत आल्या. नडगीवर जखम, चांगली रक्ताळलेली.

साचा घासताना नेमकं तिथेच मी जास्त खोल घासलं होतं, म्हणून सॉकेट तिथे दाबत होतं. मास्तर ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "त्या बरं म्हणाल्या, ते तू ऐकलंस. तोंडाकडे बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. पायाकडेच बघत होते. बाई उलट माझीच समजूत काढायला लागल्या, "असू दे ताई, माझंच कातडं नाजूक." मागच्या नळावर जाऊन रडले.

गणित चुकलं तर खोडता येतं. हे कसं खोडू?

१४ फेब्रुवारी

गेले नाही.

१५ फेब्रुवारी

आजही नाही. दादा म्हणतो, "मी सांगतच होतो." सगळं आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबलीसुद्धा नाही. "सोडायचं तर खुशाल सोड. पण त्या बाईचा पाय अर्धवट टाकून सोडू नकोस."

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेले. माझा कपाटावरचा एप्रन कुणीतरी धुऊन ठेवला होता.

३ मार्च

जखम सुकली. नवा साचा, नवं सॉकेट. या वेळी घासताना दर थोड्या वेळाने थांबत होते, बोटं फिरवत होते. मास्तर म्हणाले, "आता पुरे. जास्त भीतीनेही बिघडतं."

१० मार्च, सोमवार

आज चाचणी, आणि मास्तरच आले नाहीत! फोन बंद. बाईंना परत पाठवावं असं दहा वेळा मनात आलं. पण त्या दोन बस बदलून आल्या होत्या.

म्हटलं, "हे बघा, आज छान म्हणायचं नाही. दुखलं की मला शिवी द्यायची."

त्या लाजल्या. दोन पावलं टाकली. ओठ आवळले. मी बघितलं!

"कुठे?"

"काही नाही ताई…"

"शिवी!"

"अगं भवाने, मागच्या बाजूला काचतंय!"

दोघी इतक्या हसलो की त्यांना दांडा धरावा लागला. सॉकेटची कड गरम करून वळवली. पुन्हा चालल्या. पुन्हा शिवी, पुन्हा कड. मग एकदा पार भिंतीपर्यंत गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या. चेहरा मोकळा होता.

सॉकेट काढून कातडं तपासलं. कुठेही लाल नाही.

मास्तरांना कधी सांगते असं झालंय.

११ मार्च

संध्याकाळी मास्तरांच्या घरून फोन आला. धावत दवाखान्यात गेले.

मास्तरांच्या तळव्याची जखम साखरेमुळे चिघळली होती. कुणाला सांगितलीच नाही त्यांनी. काल सकाळी डावा पाय गुडघ्याखाली काढला.

त्यांची बायको म्हणाली, मोठा कारागीर बघू. मास्तर डोळे मिटून होते. म्हणाले, "टाके सुकले की साचा हीच घेईल."

माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, मी अजून शिकतेय."

"मग शीक," म्हणाले, आणि पांघरूण बाजूला केलं.