फादरसाठी वाचताना

९ नोव्हेंबर १९८५
शाळा सुटल्यावर मिशनमध्ये गेले. फादर चाकोंसोबत पुस्तकातल्या मर्तिकाच्या गाण्याची जेमतेम दोन कडवी झाली. ते सुरियानीतून अर्थ सांगतात, मी मराठीत बसवते. केरळात त्यांच्या देवळाची ही जुनी भाषा. लहानपणी अर्थ न कळताच गायचे, मग जन्मभर तीच शिकले, शिकवली. आज एका शब्दाला "त्याने केलं" म्हणाले. मग थांबून, "नाई बाई, तो ओलांडून गेला." एका टिंबाचा फरक. टिंब वर की खाली, ते आता दिसत नाही म्हणे. हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.
येताना शेतातल्या बांध्या पिवळ्या, धानाचा वास. मूल गावाचा रस्ता आपोआप सरला.

१६ नोव्हें.
फा. नागपूरला डोळे दाखवून आले. सुधारणार नाहीत. आहे तेवढंही जाईल. चहाची बशी चाचपत होते. "पुस्तकाचं लई राह्यलं, बाई."
बाबांना सांगितलं. ते खाटेवर पडल्या पडल्याच म्हणाले, "मंग तू शीक ना थे अक्षरं."
म्हटलं, मला कसं जमणार?
"आपल्याले पाली कुठी येत होती? दीक्षा घेतली, अन् राइस मिलमंदी पोते उचलता उचलता मी वंदना पाठ केली. अर्थ मांगून आला."

२५ नोव्हें.
आलप, बेथ, गामल. उजवीकडून डावीकडे. फा. पाटीवर खडूने मोठं काढून देतात, अंदाजाने. अक्षरं पाण्यातल्या गवतासारखी, एकमेकांना धरून वाकलेली. आज वर्गात फळ्यावर उजव्या कडेला खडू टेकवला आणि तशीच उभी राहिले. पोरी हसल्या.

२ डिसें.
नामदेवदादा घुग्घुसहून आला. हातपाय धुवायच्या आधीच, "लोकं इचारून राह्यले, तुई बहीण धरम बदलून राह्यली काय?"
बाबा बोलले, "थे वाचून राह्यली. फादरले दिसत नाई."
"मिशनमंदी दुसरं कोणी नाई काय?"
"नाई ना."
दादा जेवला, पण जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग नाही आला. भीती वाटली. कारण वाचताना मी खरंच कुठेतरी जाते. देवळात नाही. कुठे, ते...

११ डिसें.
अख्खं कडवं एकटीने वाचलं. फा. डोळे मिटून ओठ हलवत होते, मग हलकेच गाऊ लागले. पलीकडे मळणी चालू. उन्हात भुसा तरंगत होता, त्यातच तो सूर. कितीतरी वेळ मी कोण, कुठली, काही आठवेना.
"आईच्या मयताले हेच गायलो होतो," म्हणाले. पुढे काही केलं नाही आज.

२० डिसें.
केरळातून त्यांचे वरिष्ठ आलेत, फा.ना न्यायला. तिकडे म्हाताऱ्या पाद्र्यांसाठी घर आहे, देखभाल होते. फा. म्हणाले, काम अर्धं आहे. "बिना आँखों के?" मोठ्या फादरांनी हिंदीत विचारलं. रागाने नाही, मायेनेच.
फा.नी माझ्याकडे म्हणून बोट दाखवलं. त्या बाजूला मी बसलेच नव्हते.
मग मला म्हणाले, "वाचा, बाई." वाचलं. दोनदा अडखळले. मोठे फादर ऐकत राहिले, चहा निवून गेला. निर्णय काही सांगितला नाही. उद्या सकाळी निघायचं ठरलेलंच आहे.

२१ डिसें.
शाळेआधी गेले. जीप सुरू करून ठेवलेली. फा.ची पेटी अजून व्हरांड्यात. ते पायरीवर उभे, तोंड रस्त्याकडे.
"बाई, धुकं लई पडलं काय आज?"
लख्ख ऊन होतं. रस्त्यापलीकडच्या मिलचा पत्रा चमकत होता.
"हो," म्हटलं. "दाट आहे."
मोठे फादर दारातच होते. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बंद करो. कोहरा हटने दो."