पाणी उकळणारा नवरदेव

चि. नागसेन, आजीचा जय भीम.

गोंडपिपरीले पोचलो. तुह्या मायचे गुडघे बरे हायत न?

तुह्यासाठी पाहिलेल्या इथल्या रोशनीच्या मायनं विचारलं, "पोरगा जहाजावर काय करते?" मी म्हणलं, "पाणी उकळते." "म्हंजे चहा करते!" म्हणून ते उठून आतच गेली. फोनवर तुले सांगाले मले तोंड नाई.

रोशनी दारापर्यंत आली. "आजी, उकळून मंग काय करतेत?" तू शंभरदा सांगतलं होतं, मी आयकलंच नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणून निंगालो.

आता आठवलं. बॉयलरात वाफेसंगं पाण्याचे थेंब उडते. आतले वाकडे पत्रे थेंब अडवते, कोरडी वाफच पुढं जाते, तिनं जहाजाच्या इंजिनाचं घट्ट तेल पातळ होते. थेंब गेले तर पाइप फुटते. बरोबर हाय न?

उद्या पुन्हा जातो. अर्धंच सांगतलं म्हणून रोशनीच्या मायची माफी मागतो, पण आधी पोरीले उत्तर देतो.

तुही तोंडाळ आजी,
केसरबाई