न तपासता लावलेला लाल टॅग

अण्णा, आज गुरुवार आहे. भोसरीच्या कंपन्यांना अजून गुरुवारचीच सुट्टी असते. सकाळी दूध आणायला खाली उतरले तेव्हा आकुर्डीच्या चौकात शिफ्टच्या बस नव्हत्या, म्हणून वार लक्षात आला. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी या वारी संध्याकाळी सहाला आपल्याला कुठेतरी जायचंय असं मला वाटत राहतं. सगळं गाव नवा पिक्चर शुक्रवारी बघायचं आणि आपण तोच पुढच्या गुरुवारी, उतरायच्या दिवशी. आईला ते मुळीच आवडायचं नाही. "पोस्टर काढायला माणूस शिडी घेऊन उभा असतो आणि आपण आत शिरतो," असं ती म्हणायची. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "सात दिवस टिकला तोच बघायचा. बाकीचे लोकांनी तपासून टाकलेत." पिक्चर सुटला की स्कूटरला किक मारायच्या आधी तुम्ही निकाल द्यायचात, आणि तोही कंपनीतल्या तपासणीच्याच शब्दांत. ओके, रिवर्क, नाहीतर रिजेक्ट. का, ते घरी गेल्यावर, ताटावर बसल्यावर. "निदान भात कालवू द्या," आई म्हणायची.

तुम्ही होतात तोवर मी पाणीकपातीच्या आणि पालिकेच्या बातम्या लिहायचे. माझं पुढचं काम तुम्ही पाहिलं नाहीत. गेली सोळा वर्षं मी पिक्चरचे निकाल लिहिते. शनिवारच्या पुरवणीत उजवीकडे एक उभा रकाना असतो. चार पिक्चर, प्रत्येकी चाळीस शब्द आणि पाचपैकी तारे. एकेचाळिसावा शब्द कापला जातो. एवढ्याशा जागेत कसं बसवता, असं लोक कौतुकाने विचारतात. आमच्या घरी ते एका शब्दात व्हायचं, हे मी त्यांना सांगत नाही.

तुम्हाला ती खंडेनवमी आठवते का? मी चौथीत होते. मशीनची पूजा म्हणून सगळ्यांची बायकापोरं कंपनीत आली होती. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, पुढे नारळ. तुम्ही मला तुमच्या इन्स्पेक्शनच्या खोलीत नेलंत आणि गेज हातात दिलंत. दोन टोकांची जड लोखंडी दांडी. मशीनवर घडवलेल्या भागाच्या, म्हणजे जॉबच्या, भोकात एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही बाजूंनी खात्री झाली की जॉब पास. मला त्या गेजपेक्षा टेबलाच्या खणातले टॅग आवडले. हिरवे ओकेचे, पिवळे रिवर्कचे, लाल रिजेक्टचे. तुमचं लक्ष नसताना मी एक लाल टॅग उचलला आणि बाहेर जाऊन ग्राइंडिंगच्या मशीनला, झेंडूच्या माळेशेजारी, दोऱ्याने बांधून टाकला.

ते मशीन मोशीच्या काकांचं होतं. तुमच्या खात्यातले तुमचे सगळ्यात जुने सोबती. गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा व्हायचे आणि जेवणाच्या सुट्टीत राजाच्या आवाजात मीठ मागायचे. टॅग बघून तेच सगळ्यात मोठ्याने हसले. "ऱ्हाऊ द्या की अण्णा! पोरीची नजर बरोबर हाय. मशीन रिजेक्टच हाय हे, तीन वर्सं झाली सांगतोय मॅनेजरला."

"मशीनचं नंतर," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "गेज लावलंस?"

"नाही."

"मग काढ तो."

गाठ घट्ट बसली होती. माझ्या नखांना ती सुटेना, आणि कोणी मदत करायला आलं की तुम्ही हात वर करून थांबवत होतात. पेढे वाटून झाले, बायका निघाल्या, तरी मी माळेखाली वाकून उभी. तुम्ही ओरडला नाहीत. नुसते शेजारी उभे राहिलात, गाठ सुटेपर्यंत. घरी येताना सांगितलंत की जॉब कोणाचा आहे हे तपासताना तुम्ही कधी बघत नाही. पण रिजेक्ट करायचा झाला तर मग त्यावरच्या नंबरवरून माणूस शोधता, जॉब हातात घेऊन त्याच्या मशीनपाशी चालत जाता, त्याला दाखवता आणि त्याच्या समोर टॅग लावता. "लांबून लाल लावायला काय जातंय?" एवढंच म्हणालात. मी ते ऐकलं आणि विसरले. माझं सगळं कामच लांबून आहे, अण्णा. ज्याचा जॉब त्याच्या मशीनपाशी मी सोळा वर्षांत एकदाही गेले नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. दोन महिन्यांपूर्वीच्या एका शुक्रवारी चार पिक्चर लागले. त्यातला एक इकडचाच, चाकणच्या कंत्राटी कामगाराची गोष्ट, नव्या माणसांनी केलेला. चिंचवडला सकाळी साडेनऊचा खेळ होता, आणि सव्वाअकराला दुसऱ्या टोकाला मोठा हिंदी पिक्चर होता, ज्याची सगळे वाट बघत होते. पाचला मजकूर द्यायचा. चाकणच्या पिक्चरचा पहिला अर्धा भाग खरंच रेंगाळला. हिरो बसने जातो, बसने येतो, मधे लांबलचक बोलतो. मध्यंतर झालं आणि मी पर्स उचलून निघाले. असं पहिल्यांदा केलं असं म्हणणार नाही. आमच्या धंद्यात हे करतात, आणि केलं असं कोणी सांगत नाही. पार्किंगमध्येच फोनवर लिहून टाकलं. हेतू प्रामाणिक, पण पूर्वार्ध रेंगाळतो आणि उत्तरार्धही त्याला सावरत नाही. सहायक भूमिका लक्षात राहत नाहीत. दीड तारा. उत्तरार्धाचं आणि सहायक भूमिकांचं, ही दोन वाक्यं माझ्याकडे तयारच असतात. किती पिक्चरना लावली असतील, कोण जाणे. त्यांनी चाळीस शब्द भरतात.

शनिवारी सकाळी मोशीच्या काकांचा फोन आला. तुमच्यानंतरही दिवाळीला आणि तुमच्या तिथीला त्यांचा फोन असतो, पण हा अवेळी होता.

"पोरी, वाचलं गं. चार येळा वाचलं."

"काय वाचलं, काका?"

"आमचा पिक्चर. मी हाय न्हवं त्यात! हिरोचा बाप. मध्यंतराच्या पुढं येतो की मी."

ते बोलत राहिले.

"तुला आदी सांगितलं न्हाई. घरची म्हणत हुती, फोन करा, आपलीच पोर हाय. मी म्हणलं, न्हाई. अण्णांना आमी कदी सांगितलं न्हाई ह्यो जॉब कुणाचा हाय ते. तपासणाऱ्याला नाव कळलं की हात हलतो."

"काका, माझं ऐका—"

"न्हाई न्हाई, वाईट वाटून घेऊ नको. तुज्या बापानं माजी जॉबची आख्खी पेटी रिजेक्ट केलीवती एकदा, मी तोंड वाकडं केलं न्हाई. मानूस गेज लावून बोलायचा. तू बी त्याचीच." मग म्हणाले, "लक्षात न्हाई ऱ्हायलो म्हणजे काम कमी पडलं. सरळ हाय ते."

फोन ठेवल्यावर मी पुरवणी उघडून माझेच चाळीस शब्द पुन्हा वाचले. छापलेलं वाक्य किती खात्रीचं दिसतं, अण्णा.

माझ्या दीड ताऱ्याने पिक्चर उतरत नाही, असं मी नेहमी सांगते. मोठ्या पिक्चरचं ते खरंही आहे. पण हा शहरात दोनच ठिकाणी होता, दिवसाला एकेक खेळ. सोमवारी दोन्हीकडून काढला. त्यातली खरी गोष्ट मला पुढच्या आठवड्यात कळली, जेव्हा मी मोशीला गेले. ठरवून गुरुवारी गेले. तुमच्यासारखं मशीनपाशी जायचं, जॉब हातात घ्यायचा आणि सांगायचं की काका, मी मध्यंतरालाच उठले होते, ते वाक्य मी न बघता लिहिलं. स्कूटरवर हे तोंडाने पाठ करत गेले. मोशीच्या चौकातल्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला.

दार काकूंनी उघडलं, काका आत बसले होते. चहा टाकता टाकता त्याच बोलल्या. तुमच्या खात्यातली नऊ रिटायर माणसं पिक्चरला जाणार होती, सुनेने मोबाइलवर सगळ्यांचं बुकिंग केलं होतं. गुरुवारचं.

"गुरुवारचं का?" मी विचारलं. "शुक्रवारीच का नाही गेलात?"

"आता काय सांगू बाई. रिटायर होऊन बारा वर्सं झाली, तरी ह्यांची सुट्टी गुरुवारीच. इस्तरीची कापडं दारामागं टांगून ठेवलीवती. मंगळवारी मेसेज आला, खेळ न्हाई." काकूंनी कप पुढे केला. "आन् येवढी तयारी! त्यो डब्याचा शीन हाय ना, त्याच्यापायी आरशापुढं उभं राहून माज्या सगळ्या डब्यांची झाकणं ढिली केली ह्यांनी. आता एकात बी लोणचं ठेवता येत न्हाई."

"गप की," काका हसत म्हणाले. त्यांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, गणपतीच्या फोटोखाली, माझा रकाना कापून प्लास्टिकच्या कव्हरात लावलेला होता. नुसता त्यांचा पिक्चर नाही, आख्खा रकाना, वर माझ्या नावासकट. स्वतःला पडद्यावर त्यांनी पाहिलंच नव्हतं. शूटिंगच्या वेळी दाखवलं असेल तेवढंच. त्यांच्या कामाबद्दल या जगात छापलेलं एकच वाक्य होतं आणि ते त्यांनी गणपतीखाली ठेवलं होतं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं. अगदी हळू, खात्यात तुम्हाला विचारत असतील तसं. "एक सांग मला. गेटवरच्या शीनमदी, पोराला आत सोडत न्हाईत, मी भाईर बसून त्याच्या डब्याचं झाकण उघडतो. तितं जास्त झालं का?"

अण्णा, त्या वेळी "मला माहीत नाही" हे तीन शब्द पुरे होते. चाळीस नव्हे, तीन. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मागे कपाटाच्या दारावर माझं नाव होतं. मी म्हणाले, "थोडंसं."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी तसंच वाटलंवतं." आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. चूक सापडल्यावर होतो तसा. काकूंना म्हणाले, "बघ, सांगत न्हवतो? तितंच गेलं." मग माझ्यासमोरच त्यांनी त्या दिग्दर्शकाला फोन लावला. त्याचा दुसरा पिक्चर ठरत होता आणि त्यात काकांना मोठं काम होतं, हे मला तेव्हाच समजलं. "न्हाई सर, मी न्हाई आता. दुसरं कुणी बघा. न्हाई, रागबिग काय न्हाई. तपासून झालंय माजं." फोन खिशात घालून ते मला म्हणाले, "चहा घे, गार होतोय." मी चहा घेतला. दुसरा कपही घेतला. आणि परत आले.

त्यानंतर जे करण्यासारखं होतं ते केलं. संपादकांना म्हटलं, त्या पिक्चरवर पुन्हा लिहिते. ते चांगले आहेत, हसले नाहीत. "उतरलेल्या पिक्चरवर? मॅडम, वाचून लोक जाणार कुठे?" दिग्दर्शकाला फोन करून म्हटलं, काकांना जाऊ देऊ नका. तो म्हणाला, "तीनदा जाऊन आलो मॅम. ते म्हणतात अण्णांच्या मुलीनं बघितलंय, आता विषय संपला." मग त्याच्याकडे पिक्चरची लिंक मागितली. त्याने लगेच पाठवली, वर लिहिलं, "तुमचे मुद्दे नीट कळले तर पुढच्या वेळी सुधारता येईल."

काकांना खरं सांगितलं तर काय होईल याचा मी रोज विचार करते. कदाचित ते पुन्हा उभे राहतील. किंवा त्यांना कळेल की ज्या निकालापुढे त्यांनी मान तुकवली तो निकालच नव्हता, आणि त्यांच्या कामाकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांना हलकं केलं ते माझ्या खोट्याने, आणि ते काढून घ्यायचं धाडस माझ्यात येत नाही. तुम्ही असतात तर शेजारी उभे राहिला असतात, गाठ सुटेपर्यंत. इथे मी एकटी वाकले आहे आणि नखं लागत नाहीत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इतकं लांबलं. उद्या चार पिक्चर आहेत, पहिला नऊला.

लिंक येऊन नऊ दिवस झाले. रविवारी लावली होती. पहिला अर्धा भाग पुन्हा सगळा पाहिला, बसचे सगळे प्रवास पाहिले. 'मध्यंतर' अशी पाटी आली आणि मी बंद केलं. अण्णा, तुम्हालाच सांगते. काकांनी त्या डब्यापाशी जास्त केलेलं असावं, अगदी थोडंसं का होईना, अशी माझी इच्छा आहे. तसं नसेल या भीतीने मी पुढे लावत नाही.